मध्येच कुणाला उठावं लागलं तर?

त्या सकाळचं तिसरं तिकीट, म्हणजे खेळाडूने मदतीसाठी पाठवलेली विनंती, एका ओळीचं होतं: "माझं अकाउंट कायमचं काढून टाका." कारणाचा रकाना कोरा. ऑनलाइन गेमच्या प्लेअर सपोर्टमध्ये अशी तिकिटं रोज येतात, दोन मिनिटांत निकालीही निघतात. हे काढायला हात धजेना. ही बाई तीन वर्षं हीलर, म्हणजे लढाईत सोबत्यांच्या जखमा भरून काढणारी, म्हणून खेळत होती, तिच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती, आणि गेल्या पाच महिन्यांत तिने चार गिल्ड, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचे कायमचे गट, सोडल्या होत्या.

चारही गिल्डची माहिती उघडली. सगळीकडे तेच: "मैत्रीपूर्ण वातावरण, सर्वांचं स्वागत."

आमची चूक मला तिथे दिसली. आम्ही माणसं जुळवतो ती कौशल्यावर. अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी बसवलेली रेटिंगची पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. आजच्या कितीतरी गेमचं मॅचमेकिंग, म्हणजे खेळाडूंची जुळणी, त्याच कल्पनेवर उभं आहे. त्यातून तोडीस तोड खेळाडू मिळतो, पण त्याच्याशी पटेलच असं नाही. गेमचे अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: काहीतरी कमावणारे, धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्यावर कुरघोडी करणारे. ही मांडणी मला फार मोलाची वाटते. तरी माणूस कशासाठी खेळतो एवढंच ती सांगते. अकराव्यांदा हरल्यावर तो सोबत्याशी कसा बोलेल, हे तिच्यातून कळत नाही.

मी तिला लिहिलं, "सांगाल तर अकाउंट आजच काढतो. त्याआधी एक विचारू का? या गेममधला तुमचा सगळ्यात चांगला दिवस कोणता?"

तासाभराने उत्तर आलं, चांगलं लांबलचक. पहिल्या वर्षी गेममधल्या एका बॉसशी, म्हणजे सगळ्यांनी मिळून हरवायच्या बलाढ्य शत्रूशी, लढताना तिला आईला औषध द्यायला उठावं लागलं होतं. परत आली तर सगळे जागेवर बसून गप्पा मारत होते. कुणी काही विचारलं नाही. लढाई त्या रात्री हरलेच, पण ती टीम पुढे पांगली आणि तसं कुणी तिला पुन्हा भेटलं नाही.

तिची परवानगी घेऊन, नाव न सांगता, मी सहा गिल्डप्रमुखांना एकच प्रश्न पाठवला: ऐन लढाईत कुणाला घरच्या कामासाठी उठावं लागलं तर तुम्ही काय करता? एकाने लिहिलं, "बदली खेळाडू घेतो. बाकीच्या नऊ जणांचा वेळही मोलाचा आहे." यात मला काहीच वावगं वाटत नाही. आठवड्यातून एकच संध्याकाळ मोकळी मिळणाऱ्याला अशीच गिल्ड हवी असते. दुसरीने लिहिलं, "थांबतो. कारण विचारत नाही."

दुपारच्या बैठकीत मी हट्टच धरला की गिल्ड शोधण्याच्या फॉर्ममधला 'मैत्रीपूर्ण' हा पर्याय काढा आणि त्या जागी असे प्रसंग विचारा. 'मैत्रीपूर्ण' वर टिक कोण करत नाही? एका सर्व्हरवर करून बघायला डिझाइनवाले तयार झाले.

निघण्याआधी ते दुसरं उत्तर मी जसंच्या तसं तिला पाठवलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "किती वाजता जमतात ते?"

मी वेळ कळवली आणि तिकीट उघडंच ठेवलं.