इलेक्ट्रिक गाडी आणि घरचा मीटर

इलेक्ट्रिक गाडीचे बुकिंग केल्यावर ती दारात येण्याआधी आमच्याकडे वायरमन येऊन गेला, आणि या गाडीच्या बाबतीत मला आजवर सर्वांत जास्त उपयोगी पडले असेल तर ते त्याचे त्या दिवशीचे काम. आमचे घर साताऱ्यात गोडोलीला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या बाजूला आहे. वडिलांनी बांधलेल्या या घरात फ्रिज, मिक्सर, गिझर सगळे वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत असल्यामुळे वायरिंग उत्तम आहे असाच सर्वांचा समज होता. मात्र गाडीसोबत मिळणारा चार्जर वीज घेण्याआधी अर्थिंग, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी जोडणी, तपासतो आणि ते पुरेसे नसेल तर लाल दिवा लावून स्वस्थ बसतो. फ्रिज अशी चौकशी करत नाही, म्हणून जुन्या घरांतले अर्थिंग केव्हा निकामी झाले हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

वायरमनने न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये व्होल्टमीटर लावून पाहिला. तिथे दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा यायला हवा, तो वीसच्या वर गेला. “दादा, ह्ये अर्थिंग नावालाच हाय बघा,” एवढे बोलून त्याने कंपाउंडच्या कडेला खड्डा घ्यायला सांगितले. आमच्याकडे दोन-अडीच फुटांवरच मुरूम लागतो, त्यामुळे सहा फूट खाली जाईपर्यंत गड्याचा दिवस गेला. तांब्याची प्लेट, तिच्याभोवती कोळसा आणि खडे मिठाचे थर, वर पाइप आणि पाणी घालायला नरसाळे, असे ते जुन्या पद्धतीचे काम आहे. हल्ली केमिकल अर्थिंग मिळते, पण वायरमनचा विश्वास मिठावर होता आणि माझा वायरमनवर. जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात पाणी घालत राहावे लागते. आई सकाळी झाडांना पाणी घालताना त्या नरसाळ्यातही तांब्याभर ओतते आणि “गाडीला पाजलं” असे सांगते.

दुसरे काम वायरचे होते. गिझर आणि गाडीचा साधा चार्जर हे जवळपास सारखाच भार घेतात, सुमारे तीन किलोवॉट. पण गिझर वीस मिनिटांत बंद होतो आणि गाडी काही तास तेवढाच भार सलग घेत राहते. साध्या सॉकेटची पितळी पकड थोडी जरी सैल असेल तरी एवढ्या वेळात ती तापते, आधी प्लॅस्टिक पिवळे पडते आणि नंतर वास येऊ लागतो. म्हणून मीटरबोर्डापासून गाडीच्या जागेपर्यंत चार एमएमची स्वतंत्र तांब्याची वायर, तिच्यावर स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा) व आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) आणि शेवटी चांगल्या प्रतीचे १६ अँपिअरचे सॉकेट बसवून घेतले. भिंतीवर बसवण्याचा ७.२ किलोवॉटचा चार्जर घ्यावा असा आग्रह बऱ्याच जणांनी केला, पण त्यासाठी घराचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागला असता आणि आमच्या वापराला त्याची गरज नव्हती. गाडीची बॅटरी सुमारे ४० किलोवॉट-तासांची, म्हणजे आपल्या बिलाच्या भाषेत ४० युनिटांची आहे. ती पूर्ण रिकामी असेल तर साध्या सॉकेटवर भरायला पंधरा तास लागतील हे खरे, परंतु ती पूर्ण रिकामी कधी होतच नाही. गोडोलीहून पोवई नाका, तिथून राजवाडा, मुलीची शाळा, संध्याकाळी सदर बझार, अशा दिवसभराच्या फिरण्याला पाच-सहा युनिटे जातात आणि ती रात्री दोन तासांत भरून निघतात.

पेट्रोलची गाडी चालवणारा माणूस लिटरला किती किलोमीटर हे पाहतो, तसे इथे युनिटला किती किलोमीटर हे पाहायचे. शहरात आणि आजूबाजूला मला युनिटला साडेसहा-सात किलोमीटर पडतात. मात्र बॅटरीत जेवढी वीज साठते तिच्यापेक्षा साधारण दहा टक्के जास्त मीटरवर पडते, कारण भरताना काही वीज उष्णतेत जाते. खर्चाचा हिशेब मांडताना गाडीच्या पडद्यावरचा आकडा न घेता मीटरचा आकडा घ्यावा. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर मीटरवर एकशेसाठ ते एकशेसत्तर युनिटे पडतात.

इथे विक्रेत्यांच्या हिशेबात सहसा न येणारी एक गोष्ट आहे. महावितरणचा घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० युनिटांच्या पुढे असा टप्प्याटप्प्याने वाढतो, आणि पहिल्या टप्प्याच्या मानाने तिसऱ्या टप्प्याचा दर दुपटीहून अधिक असतो. घरातले दिवे, पंखे आणि फ्रिज पहिला टप्पा वापरून टाकतात, त्यामुळे गाडीची सगळी युनिटे वरच्या टप्प्यात जातात, आणि मे महिन्यात एसी लागला तर त्याहूनही वर. बिलाची सरासरी काढून ‘अमुक रुपये युनिट’ असे धरणे म्हणूनच चुकीचे ठरते. गाडीला लागू होतो तो शेवटच्या युनिटाचा दर, आणि त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचे पैसे) व १६ टक्के वीज शुल्क. एवढे सगळे धरूनही घरच्या चार्जिंगवर किलोमीटरला सुमारे दोन रुपये पडतात, तर पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडल्यापासून आमच्या आधीच्या गाडीला साडेसहाच्या आसपास पडत होते. फायदा निश्चित आहे, पण जाहिरातीतल्या ‘किलोमीटरला एक रुपया’ या आकड्याशी त्याचा मेळ बसत नाही.

तो आकडा गाठायचा असेल तर छतावर सौरऊर्जा हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि तेवढा संच मोकळ्या उन्हाच्या महिन्यांत दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. गाडी दिवसा बाहेर असली तरी बिघडत नाही, कारण नेट मीटरमुळे दिवसा ग्रिडला दिलेली वीज रात्री घेतलेल्या विजेतून वजा होते आणि उरलेली युनिटे ३१ मार्चपर्यंत पुढच्या महिन्यांत ओढली जातात. आषाढ-श्रावणात सातारा ढगांखाली असतो तेव्हा उत्पादन निम्म्याच्याही खाली येते. ज्याला संच बसवायचा आहे त्याने उन्हाळ्याचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये.

‘शेवटी ही गाडी कोळशावरच चालते’ असे ऐकवणारे एक सद्गृहस्थ आमच्या फिरण्याच्या गटात आहेत. राज्याच्या विजेत कोळशाचा वाटा मोठा आहे हे त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. फक्त ज्या जिल्ह्यात १,९६० मेगावॉटच्या कोयना प्रकल्पाचे धरण आहे आणि ज्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना दिसतात, तिथे राहून त्यांनी हे इतक्या ठामपणे सांगावे याची गंमत वाटते.

घाट हा आमच्याकडचा जिव्हाळ्याचा विषय. चढाला बॅटरी झपाट्याने उतरते ही भीती सर्वांनाच असते, आणि यवतेश्वरचा घाट चढताना पडद्यावरचा आकडा पाहत बसले तर ती खरीही वाटते. पण हे गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचे आहे. दीड टनाची गाडी आणि आत चार माणसे, असे पावणेदोन टन वजन शंभर मीटर वर उचलायला जवळपास अर्धे युनिट लागते. साताऱ्यापासून कास पठारापर्यंतचा एकूण चढ साडेचारशे ते पाचशे मीटरचा धरला तर निव्वळ उंचीसाठी अडीच युनिटे खर्ची पडतात. पसरणीचा घाट वाईहून पाचगणीला त्याहून थोडा अधिकच वर नेतो. उतरताना मोटर जनित्राचे काम करते आणि त्यातला अर्ध्याहून अधिक भाग बॅटरीत परत येतो. कासहून बोगद्याकडे उतरताना काही किलोमीटर टक्का ढळत नाही, उलट एखादा वाढतो, आणि ब्रेकला पाय लावण्याची वेळ क्वचितच येते. एक काळजी मात्र घ्यावी. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत येणारी वीज साठवायला जागाच नसते, त्यामुळे उताराच्या सुरुवातीला गाडी नेहमीसारखी आपोआप मंदावत नाही. पाचगणी-महाबळेश्वरला मुक्कामी चार्जिंग करणाऱ्याने नव्वद टक्क्यांवर थांबावे आणि घाट उतरून यावे.

गाडीची खरी परीक्षा घाटात होत नसून महामार्गावर होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून पेट्रोल गाडीच्या सवयीच्या अगदी उलट, शहरात मिळणारा पल्ला महामार्गावर मिळत नाही. ताशी ८० ला जी गाडी युनिटला सात किलोमीटर देते ती १०० ला साडेपाचवर येते. सातारा-पुणे अंतर ११० किलोमीटर आहे, आणि पुणे साताऱ्यापेक्षा सुमारे १८० मीटर खाली असल्यामुळे येताना जाण्यापेक्षा एक-दीड युनिट जास्तच लागते. एका चार्जिंगमध्ये जाऊन येणे कागदावर जमते. प्रत्यक्षात पुण्यात पोहोचल्यावर कोथरूड, हडपसर, पुन्हा स्वारगेट असे फिरणे होतेच, त्यामुळे परतीला शिरवळच्या आसपास हॉटेलच्या आवारात वीस मिनिटे थांबायचे असे आम्ही ठरवूनच टाकले आहे. जलद चार्जरचा दर युनिटला वीस रुपयांच्या आसपास आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे किलोमीटरला साडेतीन-चार रुपये पडतात. ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग मुद्दाम कमी केला जातो, तेव्हा शेवटच्या वीस टक्क्यांसाठी गन (चार्जरची गाडीला लावायची नळी) अडवून बसणे म्हणजे मागच्या माणसाचा खोळंबा करणे.

शनिवार-रविवारी त्या जागी रांग लागते. एक चार्जर बंद, दुसऱ्यावर दोन गन असूनही दोघांत वीज वाटली गेल्याने दोन्ही गाड्या संथ, आणि ॲपमध्ये मात्र सगळे हिरवे, असा अनुभव एका संध्याकाळी आला. हेल्पलाइनवरच्या मुलीने दूरवरून यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, तेव्हा कुठे ते चालले. अशा वेळी बॅटरीत पुढच्या ठिकाणापर्यंत पुरेल एवढी वीज शिल्लक असणे हाच उपाय आहे, म्हणून वीस टक्क्यांच्या खाली जाऊन चार्जर शोधायचा नाही. खंबाटकी घाटात पुण्याहून येताना कोंडी झाली तर काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. उभ्या गाडीत मोटरला काहीच लागत नाही. खर्च होतो तो एसीचा, आणि तो तासाला युनिटभर असतो. आजूबाजूला ट्रकची इंजिने तापून वाफा सोडत असताना आपण गारव्यात बसलेलो असतो, याचे थोडे संकोचयुक्त समाधान मिळते. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणातील पूर्ण टोलमाफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू यांना आहे. खेड-शिवापूर आणि आनेवाडीला हिरव्या पाटीच्या, म्हणजे इलेक्ट्रिक, गाडीचाही फास्टॅग वाजतोच.

देखभालीबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. ऑइल नाही, क्लच नाही, सर्व्हिसिंगचे बिल किरकोळ येते. टायर मात्र लवकर झिजतात, कारण गाडी जड आणि तिची ओढ जोरकस. ब्रेक फारसे वापरले जात नसल्याने पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो, म्हणून मी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम ब्रेक दाबतो. आणि या एवढ्या मोठ्या बॅटरीच्या गाडीतही दिवे, दरवाजे आणि संगणक चालवायला एक साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली तर गाडी सुरूच होत नाही, हे घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

राहता राहिला गावाचा प्रश्न. आमचे गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे आहे, आणि तिथे चार्जर म्हणजे चुलतभावाच्या ओसरीवरचे सॉकेट. यात्रेला किंवा दिवाळीला गेलो की गाडी अंगणात उभी राहायच्या आत तो म्हणतो, “भाऊ, लावा की चार्जिंगला, त्यात काय इचारायचं!” तो जिथून वायर ओढतो तिथे संध्याकाळी व्होल्टेज इतके उतरते की ट्यूबलाइट धडपडते, म्हणून मी गाडीच्या पडद्यावरून करंट कमी करून रात्री उशिरा चार्जिंग लावतो आणि पहाटेपर्यंत पंधराएक युनिटे मिळतात. त्यांच्या घरचा वापर पहिल्या टप्प्यात कसाबसा बसणारा. आमच्या दोन मुक्कामांनी तो दुसऱ्या टप्प्यात जातो. पेट्रोलचे पैसे पाहुण्याने स्वतः भरावेत यात कोणालाच काही वावगे वाटत नाही, पण विजेचे पैसे पुढे केले की तो अपमान ठरतो. एकदा वहिनींच्या हातात नोटा ठेवून पाहिल्या, त्या निघताना मुलीच्या खिशातून परत आल्या. शेवटी त्यांच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक टिपून घेतला आणि त्या महिन्याचे बिल मोबाइलवरून परस्पर भरून टाकले. चार दिवसांनी त्याचा फोन आला: “भाऊ, आमचं लाइट बिल शून्य दाखवतंय, सरकारनं माफ केलं का काय?” मी हो म्हणालो. त्यावर तो म्हणाला, “मग पुढच्या दिवाळीला तुम्ही आठ दिवस ऱ्हावा.”