भरिताचा रविवार आणि बीटल्सचं पुस्तक

डिसेंबरात भरिताची वांगी भरात आली की आमच्या बीटल्सप्रेमी मंडळाची वार्षिक बैठक येते. बीटल्स या लिव्हरपूलच्या चौघांच्या बँडमधला जॉन लेनन ८ डिसेंबर १९८० ला गेला, म्हणून त्या तारखेच्या जवळचा रविवार धरायचा आणि जळगावजवळच्या असोद्याच्या रस्त्यावरच्या मळ्यात जमायचं, हा शिरस्ता. दीपप्रज्वलन होतं, जमाखर्च वाचला जातो, टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो, नव्या सभासदांना गुलाबाचं फूल मिळतं. चिटणीस या नात्याने हे सगळं मीच करते, पण त्यात लिहिण्यासारखं काही नाही. सतरंजीच्या मधोमध चौरंग येतो, त्यावर धुतलेला पंचा अंथरला जातो आणि पिशवीतून पुस्तक निघतं, तिथून खरी बैठक सुरू होते.

‘द बीटल्स अँथॉलॉजी’ हे ते पुस्तक. ऑक्टोबर २००० मध्ये निघालं, ३६८ पानांचं. मांडीवर घेऊन वाचायला बसलं तर पायाला मुंग्या येतात इतकं जड. आमची प्रत वर्गणीतून घेतलेली, आणि शाळेच्या वह्यांना घालतात तसं तिला खाकी कव्हर घातलेलं. खानदेशात बीटल्स कोण ऐकतं, असं पुण्या-मुंबईचे लोक मला अजून विचारतात. जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, धरणगाव, पारोळा, फैजपूर इथली माणसं ऐकतात, आणि या एका पुस्तकावर वर्षानुवर्षं हिरीरीने भांडतात. मला त्याचा अभिमान आहे.

पहिलं भांडण चित्रांवरून. चाळीसगावचे आमचे सभासद फोटोग्राफर. केकी मूस यांच्या गावचे. मूस यांनी वर्षानुवर्षं घराचा उंबरा न ओलांडता टेबलावर देखावे रचून फोटो काढले, ते बघत हे मोठे झाले. त्यांचं म्हणणं, फोटोला श्वास घ्यायला जागा लागते आणि या पुस्तकात ती नाही. पानापानावर फोटो, हातानं लिहिलेली गाणी, पत्रं, तिकिटं, त्यांच्यावरच बारीक अक्षरात मजकूर. फोटो बघू की वाचू? त्यांची तक्रार खरी आहे. संध्याकाळी मळ्यातल्या बल्बखाली काही पानं खरोखरच वाचता येत नाहीत. पण माझं मत वेगळं आहे. हे पुस्तक एकट्याने डोळ्यांनी वाचायचं नाहीच, ते मोठ्याने वाचायचं. त्याला वेगळा लेखकच नाही. बँडमधले बाकीचे तिघं, पॉल, जॉर्ज आणि रिंगो, मुलाखतींत बोलले ते त्यात आलं. जॉनचं त्याच्या जुन्या मुलाखतींतून घेतलं. मधूनमधून नील ॲस्पिनॉल, जॉर्ज मार्टिन आणि डेरेक टेलर हे त्यांच्यासोबत काम केलेले लोक बोलतात. बोललेलं लिहून ठेवलंय. असोद्याच्या बहिणाबाई शेतात, जात्यावर जे बोलल्या ते त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवलं म्हणून आपल्याला मिळालं. त्याच गावाच्या रस्त्यावर बसून बोललेलं पुस्तक बोलूनच वाचावं, यापेक्षा योग्य काय?

म्हणून आमच्याकडे वाचन ठरलेल्या माणसांकडे असतं. पॉल धरणगावच्या आप्पांकडे. आप्पांची हयात जिनिंगमध्ये गेली, आणि पॉलचे वडील जिम मॅकार्टनी लिव्हरपूलला कापसाचे विक्रेते होते. ते पान आप्पा कधीच कुणाला वाचू देत नाहीत. वाचण्याआधी खिशातून कपाशीचं एक बोंड काढतात, दोन्ही अंगठ्यांत पुंजका धरून धागा ओढतात, लांबी डोळ्यांजवळ नेऊन बघतात आणि मगच सुरुवात करतात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालू होती, तिकडचा कापूस थांबला, तेव्हा आपल्या भागातला कापूस मुंबईहून बोटीने लिव्हरपूलला जायचा, हे ते दरवर्षी सांगतात. दरवर्षी तेच सांगतात म्हणून काहीजण चुळबुळ करतात, मला ते आवडत नाही. दिवसभर कापूस विकून रात्री घरी पियानोवर बसणारा बाप आप्पांच्या तोंडून ऐकला की तो धरणगावचाच वाटतो.

जॉनचा भाग अमळनेरच्या बाई वाचतात. त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या आणि त्यांच्याइतकं बारीक हे पुस्तक कुणीच वाचलेलं नाही. जॉनच्या प्रत्येक उताऱ्याच्या शेवटी दोन छोटे आकडे छापलेत, तो कोणत्या साली बोलला त्याचे. बाई तो आकडाही वाचतात. ‘चौसष्ट’ म्हणतात, थांबतात. पुढचा उतारा ‘सत्तर’, मग ‘ऐंशी’. एकाच गोष्टीबद्दल तो चौसष्टला हसत बोलतो, सत्तरला चिडून बोलतो आणि ऐंशीला समजुतीने. बाकीचे तिघं पन्नाशीत बसून मागे वळून बघतायत, जॉन मात्र चाळिशीच्या पुढे जातच नाही. हे बाईंनी दाखवेपर्यंत आमच्यातल्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

पुस्तकावरची सगळ्यात कडक टीकाही बाईंचीच. १९६२ मध्ये बँडचा आधीचा ड्रमर पीट बेस्ट याला काढून रिंगोला घेतलं. त्या पीटला या पुस्तकात स्वतःच्या तोंडाने बोलायला एक ओळही नाही. चौघांच्या बायकांनाही नाही. घरातल्या माणसांना बाहेर बसवून लिहिलेलं आत्मचरित्र अर्धंच, असं त्या म्हणतात. आप्पा म्हणतात, ज्याचं चरित्र त्यानं सांगावं, दुसऱ्यानं दुसरं लिहावं. यावर आमच्या बैठकीत दोन तट आहेत आणि जेवणाच्या पंगतीतही ते समोरासमोर बसतात. मी बाईंच्या बाजूची आहे, हे इथे लिहून टाकते.

फैजपूरच्या सभासदांचा राग वेगळाच. त्यांच्या गावात १९३६ चं काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, गांधीजी तिथे होते. बीटल्सच्या १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर गांधीजींचंही चित्र होतं, पण भारतात विक्रीला अडचण येईल म्हणून रेकॉर्ड कंपनीने ते काढायला लावलं. त्याच मुखपृष्ठावर योगानंद आणि लाहिरी महाशय हे योगी मात्र आहेत, जॉर्जच्या आग्रहाने. फैजपूरकर ती जागा बोटाने दाखवतात आणि बराच वेळ पुस्तक पुढे सरकू देत नाहीत.

पण मी ज्याची वर्षभर वाट बघते ते पारोळ्याच्या नानांचं वाचन. नाना सरकारी दवाखान्यात टीबी वॉर्डात वॉर्डबॉय होते. रिंगोचं बालपण ते अहिराणीत सांगतात, स्वतःच्या अक्षरात दोनशे पानी वहीत उतरवलेलं. लिव्हरपूलच्या डिंगल भागातलं गरीब घर, बाप सोडून गेलेला, सहाव्या वर्षी अपेंडिक्स फुटून वर्षभर दवाखाना, तेराव्या वर्षी छातीचं दुखणं, टीबी, दोन वर्षं सॅनेटोरियम. शाळा जवळजवळ नाहीच. पोरांचं मन रमावं म्हणून तिथे वाद्यं वाजवायला द्यायचे, तर या पोराला ढोलाशिवाय काही नको. नाना मान ताठ करून म्हणतात, ‘‘ढोल दिशात तरच वाजाडसू, नही ते नही!’’ बिछान्यात पडल्या पडल्या ते पोरगं कापडगिरणीच्या बॉबिनने शेजारच्या कपाटावर ठोकत राहायचं. इथे नाना खिशातून लाकडी बॉबिन काढतात, अमळनेरच्या प्रताप मिलमधली, आणि चौरंगाच्या कडेवर वाजवतात. टक, टकटक, टक. ताल साधा असतो. वॉर्डातल्या रात्री, खोकल्याचे आवाज, खाटेवरून खिडकीकडे बघणारी पोरं हे पुस्तकात इतकं नाही. ते नाना आपल्याकडचं घालतात. कुणी म्हणेल, हे भाषांतर नव्हे. मला त्याचं काही वाटत नाही. इंग्रजी न येणाऱ्या, बीटल्सचं एकही गाणं न ऐकलेल्या, वांगी भाजायला आलेल्या बाया काठ्या खाली ठेवून ऐकत उभ्या राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझे डोळे तर दरवर्षी भरून येतात.

आणि हे ऐकायला माणसं नसतात याचाच मला राग आहे. धुळ्याहून जळगाव शंभर किलोमीटरसुद्धा नाही, तरी धुळ्याची मंडळी ‘लांब पडतं’ म्हणतात. नंदुरबारचं मी समजू शकते. जळगावातल्या जळगावात राहणारे भरिताचा धूर दिसला की येतात, नानांचं वाचन तोवर संपलेलं असतं. व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवणं म्हणजे हजेरी नव्हे. २००१ मध्ये २९ नोव्हेंबरला जॉर्ज गेला, त्यानंतरच्या बैठकीला बसायला जागा नव्हती. ती सगळी माणसं जिवंत आहेत, याच जिल्ह्यात आहेत.

जे येतात आणि राबतात त्यांचे आभार मानल्याशिवाय मला झोप लागणार नाही. मळा देणारे पाटील कुटुंब आणि त्यांच्या आजी, ज्या आम्हाला सतरंजीवर चपला आणू देत नाहीत. भुसावळच्या लोकोशेडमधले दादा, स्पीकर आणि वायरी रेल्वेने घेऊन येणारे. बामणोदची वांगी पोती भरून पाठवणारे काका. तुरीच्या काड्यांवर ती भाजणाऱ्या मावश्या, मिरच्या आणि लसूण ठेचणाऱ्या काकू, कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या वहिनी. पानांच्या झेरॉक्स बिनपैशाने काढून देणारा बसस्टँडसमोरचा मुलगा. जेवल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय कुणालाही पुस्तकाला हात लावू न देणारी आप्पांची नात. खाकी कव्हर दर दोन-तीन वर्षांनी बदलणारे चाळीसगावकर. तबला घेऊन येणारे आणि बीटल्सच्या ऋषिकेशमधल्या मुक्कामाच्या पानांवर न विचारता ठेका धरणारे गुरुजी. १९६८ च्या जानेवारीत जॉर्जने मुंबईत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांना घेऊन रेकॉर्डिंग केलं, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. चहावाले भाऊ. परतीच्या वाटेवर म्हाताऱ्यांना स्टेशनवर सोडणारे रिक्षावाले दोघे. आणि माझे यजमान, सतरंज्या झटकून मोजून परत देणारे.

जॉर्जचं वाचन मात्र अजून कुणा एकाचं नव्हतं, आळीपाळीने चालायचं. त्याचे वडील लिव्हरपूलला बस चालवायचे. या वर्षी चोपडा डेपोतले एक एसटी चालक ते पान वाचायला तयार झाले आहेत. त्या रविवारी त्यांची ड्युटी लागू नये म्हणून मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज मी आत्ताच टाकून ठेवलाय.