बोलोन्याचं लाटणं

गेल्या ऑक्टोबरात आईला घेऊन बोलोन्याला जाऊन आलो. धाकटी बहीण तिथं शिकते म्हणून गेलो, नाहीतर सांगलीतनं इटलीला निघालेला माणूस रोम, व्हेनिस आणि पिसाचा कललेला मनोरा करून परत येतो, बोलोन्या कुणाच्या यादीतच नसतं. बॅगेत दोन किलो भडंग, थोडा बेदाणा, आणि आईची एकच काळजी, "तिथं मला खायला काय मिळणार रे?" आई पक्की शाकाहारी. अंडं चालतं पण केकमधलं, म्हणजे दिसलं नाही पाहिजे.

आणि बोलोन्याचं इटलीतलं टोपणनावच 'ला ग्रासा', म्हणजे जाडी. मोठ्या चौकाच्या शेजारी क्वाद्रिलातेरो म्हणून जुन्या बाजाराच्या बोळी आहेत, तिथं दुकानादुकानात डुकराच्या मांड्या टांगलेल्या आणि मोर्तादेल्ला नावाचे उशीएवढे गुलाबी सॉसेज. आई पदर नाकाला लावून झपाझप चाललेली, आणि एका काचेसमोर अचानक थांबली ती हलेचना. आत दोन बायका पास्त्याची पोळी लाटत होत्या.

शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं, बस्स. पाण्याचा थेंब नाही. आईनं अंडी फोडताना बघितली, दोन मिनिटं गप्प राहिली, मग म्हणाली, "शिजल्यावर कुठं दिसणारे." हातभर लांब लाटणं, पोळी त्याच्यावर गुंडाळायची, पुढं ढकलायची, पुन्हा उलगडायची, असं करत ती टेबलाच्या कडेवरनं खाली लोंबायला लागली. एवढी पातळ पाहिजे की आरपार डोंगरावरचं सान लूकाचं चर्च दिसलं पाहिजे, असं तिथं म्हणतात. मग चौकोन कापले, मधे सारण ठेवलं, त्रिकोणी घडी घातली, बोटाला गुंडाळून टोकं दाबली. "करंजीच की ही, नुसती बोटाला गुंडाळलेली," आई म्हणाली आणि अर्धा तास तिथंच. आतली बाई हसून हात जरा सावकाश चालवायला लागली, म्हणजे आईला नीट दिसावं.

रात्री जेवायला गेलो तर मी तोर्तेलिनी सांगितले. वेटरनं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि बहिणीला काहीतरी विचारलं. तोर्तेलिनी म्हणजे बारके, आत डुक्कर, मोर्तादेल्ला, चीज, जायफळ, आणि कोंबडीच्या नाहीतर मांसाच्या सुपात सोडलेले. आईला पाहिजे होते तोर्तेलोनी, मोठे, आत रिकोटा नावाचं मऊ चीज. एका अक्षरात धर्म बुडाला असता. लोण्यात परतलेले, वर सेज नावाचा पाला, आईनं ताट पुसून खाल्लं. (वर जे पार्मेजान किसून घातलं होतं ते वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात हे मला नंतर कळलं. आई ब्लॉग वाचत नाही.)

मी ताल्यातेल्ले आल रागू खाल्लं, म्हणजे पास्त्याच्या रुंद पट्ट्या आणि वर मांसाचा दाट रस्सा, तो रागू. जगभर स्पगेटी बोलोनेझ म्हणून जे खपतं ते तिथं मागायचं नाही, रागू रुंद पट्ट्यांवरच घालायचा. आणि पट्टी किती रुंद यावर भांडण नको म्हणून १९७२ मध्ये चेंबर ऑफ कॉमर्समध्ये सोन्याची पट्टी ठेवलीय, शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या उंच आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. रागूची रेसिपीपण १९८२ ला तिथंच नोंदवली. आपल्याकडं मिसळीच्या रश्श्याची अशी नोंद करायला घेतली तर सांगली-कोल्हापूर रस्ता बंद पडेल.

शहरात फिरायला मात्र फार सुख. सगळीकडं कमानींचे पोर्तिको, म्हणजे वरनं छत असलेल्या पायवाटा, मिळून ६२ किलोमीटर, पाऊस असो ऊन असो छत्री लागत नाही. १२८८ चा कायदा होता की नवीन घराला पोर्तिको पाहिजेच, घोडेस्वार खालनं जाईल एवढा उंच. त्यातला सगळ्यात लांब सान लूकाच्या डोंगरावर जातो, ६६६ कमानी, जवळजवळ चार किलोमीटर. आई सज्जनगड चढल्यासारखी मधे मधे बसत, कमानी मोजत चढली. दोनशेच्या पुढं आकडा चुकला म्हणून चिडली.

हा पोर्तिको बांधला कशाला ते बहिणीनं वर गेल्यावर सांगितलं. १४३३ मध्ये पाऊस थांबेना, पिकं जायला लागली म्हणून वरच्या मरियमचं चित्र मिरवत शहरात आणलं, तेव्हापासून दरवर्षी आणतात, आणि ते भिजू नये म्हणून १६७४ पासून या कमानी बांधल्या. आई हात जोडून उभीच होती. म्हणाली, "अगं २०१९ ला कृष्णा दारात आली तेव्हा आपल्याला अशी कुणी पाहिजे होती. द्राक्षाच्या छाटणीलापण पाऊस येतो मेला." मग चित्रापुढं जरा जास्त वेळ उभी राहिली, काय मागितलं ते सांगितलं नाही.

कॉफी उभ्यानंच प्यायची, बसलं की दर वाढतो. आईस्क्रीम दिवसातनं दोनदा. हे सगळीकडं लिहिलेलं असतं, सोडून देतो.

निघायच्या दिवशी आईनं तसलं लाटणं घेतलं, त्यातल्या त्यात लहान. बॅगेत तिरकं घातलं, त्यापायी माझे दोन शर्ट बहिणीकडं राहिले. घरी आल्यावर एकदा पनीर घालून करून बघितलं, वर साजूक तूप आणि कढीपत्ता, बरं झालं होतं. आता लाटणं स्वयंपाकघराच्या दारामागं उभं असतं. परवा आईनं त्यानंच माळ्यावरचा पापडाचा डबा पुढं ओढला.