तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजांचे निकाल अजून कशाला?

"इंग्रज कधीच गेले, तरी तुम्ही वकील त्यांचे जुने निकाल कोर्टात कसे वाचता? सगळं एकदाचं लिहून का काढत नाही?" पक्षकार विचारतात, लग्नाच्या पंगतीत नातेवाईक विचारतात. मीही एकदाच नीट सांगते.

बरंचसं लिहिलेलं आहेच. गुन्ह्यांचा कायदा 1860 पासून संहितेत आहे, करारांचा 1872 पासून. पण कुणाच्या हलगर्जीपणाने तुमचं नुकसान झालं तर भरपाई कधी मिळते, याची एकसंध संहिता आपल्याकडे अजून नाही. तिथे कॉमन लॉ चालतो, म्हणजे न्यायाधीशांच्या निकालांतून घडत आलेला कायदा. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीचे न्यायाधीश इंग्लंडभर फिरायचे. प्रत्येक भागाच्या रूढी निराळ्या, त्यांतून त्यांनी सगळ्या राज्याला लागू पडेल असा कायदा घडवत नेला. आधीच्या निकालाने बांधलं जाण्याची शिस्त पुष्कळ नंतर पक्की झाली.

ही शिस्त मला प्रिय आहे. आणि तिच्यामुळेच कस्तुरीलाल खटला मला अजून सलतो.

सप्टेंबर 1947. अमृतसरच्या कस्तुरीलाल रलिया राम जैन या पेढीचे भागीदार रलिया राम सोनंचांदी विकायला मेरठला आले. मध्यरात्री पोलिसांनी त्यांना अडवलं, माल जप्त केला, दुसऱ्या दिवशी जामिनावर सोडलं. चांदी परत मिळाली. शंभर तोळ्यांहून अधिक सोनं मात्र मालखान्याचा हेड कॉन्स्टेबल घेऊन पाकिस्तानात पळाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचा निष्काळजीपणा मान्य केला आणि तरीही भरपाई नाकारली. का? अटक आणि जप्ती हे सार्वभौम सत्तेचं काम, त्यात झालेल्या चुकीला सरकार जबाबदार नाही. आधार कशाचा, तर 1861 च्या कलकत्त्यातल्या निकालाचा. तिथे गोदीतल्या कामगारांमुळे घोडा जखमी झाला होता आणि भरपाई मागणारा जिंकला होता! त्या निकालाने सरकारची सार्वभौम कामं आणि इतर कामं यांत केलेला भेद तेवढा शतकभर टिकला. खुद्द इंग्लंडने मात्र 1947 सालीच कायदा करून राजसत्तेचं हे कवच बहुतांशी काढून टाकलं होतं.

विद्यार्थिदशेत हे वाचून मी म्हणायचे, फेकून द्या हे सगळं, गोव्यात पोर्तुगीजांची नागरी संहिता आहे तसं कलमवार लिहा. आज त्या मुलीला विचारावंसं वाटतं, लिहिणार कोण? विधी आयोगाने 1956 मध्येच पहिल्या अहवालात सरकारच्या दायित्वाचा कायदा सुचवला. कस्तुरीलालचा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर, आपल्या साताऱ्याचे, त्यांनीही त्याच निकालात कायदेमंडळांना तसा कायदा करण्याचा विचार करायला सांगितलं. विधेयक आलं, कायदा झाला नाही. जी काही दुरुस्ती झाली ती न्यायाधीशांनीच केली. 1986 मध्ये दिल्लीतल्या वायुगळतीच्या खटल्यात त्यांनी इंग्लंडच्या 1868 च्या निकालापेक्षा कडक जबाबदारी धोकादायक उद्योगांवर टाकली. 1993 मध्ये कोठडीतल्या मृत्यूसाठी आईला भरपाई दिली.

पण ती मुलगीही गप्प बसत नाही. म्हणते, ज्याचं सोनं गेलं त्याने पुढच्या शहाण्या न्यायाधीशाची वाट किती पाहायची? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जप्तीचा माल ठाण्यात खराब झाला म्हणून कुणी आलं, की मी 1994 चा नागेंद्र राव निकाल पुढे ठेवते. त्यात सरकारला भरपाई द्यावी लागली होती. समोरून सरकारी वकील कस्तुरीलाल काढतात. माझा निकाल दोन न्यायाधीशांचा आहे, त्यांचा पाच जणांचा, आणि आपल्या शिस्तीत मोठ्या पीठाचा निकाल वरचढ.