बाळ्या डब्यात बसला: एंजलची जाळीविना बदली

आमच्या तीन फुटी टँकमधल्या चार एंजल माशांपैकी दोघांची जोडी जमली आणि उरलेल्या दोघांचे दिवस फिरले. त्यातला एक बेरकी आहे, फिल्टरच्या पाइपमागे उभा राहून वेळ काढतो. दुसरा बाळ्या. हा दर वेळी जोडीच्या कोपऱ्यात जातो आणि मार खाऊन येतो. परवा बघितलं तर शेपटीच्या वरच्या कडेच्या चिंध्या झालेल्या, बुडाशी लालसर. कापसासारखी बुरशी नव्हती, खाणं चालू होतं. म्हणजे चार दिवस हातात होते, पण वेगळा काढणं भाग होतं. उपचार म्हणून मोठ्या टँकमध्येच मीठ टाकलं असतं, पण खाली सहा कोरी (तळाशी राहणारे कोरिडोरास मासे) आहेत. त्यांना आणि झाडांना मीठ मानवत नाही.

(पांढरे ठिपके असते, तर एकट्याला हलवलाच नसता. त्या ठिपक्यांच्या रोगाचा किडा माशावरून सुटून तळाशी फुटतो आणि शेकड्यांनी पिल्लं सोडतो. तिथे औषध सगळ्या टँकलाच लागतं.)

जाळी का नको, ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी असाच एक एंजल पकडायला मी जवळजवळ अर्धा तास जाळी फिरवली. झाडं उपटली, पाणी गढूळ झालं, एका कोरीच्या परांचा काटा जाळीत अडकला तो कात्रीने जाळी कापून सोडवावा लागला. एंजल शेवटी सापडला, हॉस्पिटल टँकमध्ये आडवा पडून राहिला आणि तिसऱ्या दिवशी गेला. औषधाला दोष देत बसलो होतो. आता वाटतं, औषध पोटात जायच्या आधीच त्याचा निकाल लागला होता.

दिवस १. जागेची तयारी. ४५ बाय ३० बाय ३० सेंटिमीटरचा छोटा टँक, पाणी २५ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण ३३ लिटर. पाणी सगळं मोठ्या टँकचंच घेतलं. यात कंजूषपणा करू नका. आमच्या बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) हजाराच्या वर दाखवतं, उजनी धरणाचं नळाचं पाणी त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. दोन पाण्यांत एवढा फरक असताना माशाला इकडून तिकडे टाकणं म्हणजे विनाकारण झटका. मोठ्या टँकची भर मी नळाच्या मुरवलेल्या पाण्याने केली, थोडी थोडी करून.

स्पंज फिल्टर मोठ्या टँकच्या मागच्या कोपऱ्यात वर्षभर चालूच असतो, तोच उचलून इकडे लावला. कोरा स्पंज लावला असता, तर त्यात माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया खाणारे जिवाणू बसायलाच काही आठवडे गेले असते. तळाला वाळू नाही. तीन बाजूंना आणि काचेखाली काळा कागद, नाहीतर एंजल काचेतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत बसतो. आडोशाला शहाबादी फरशीचा तुकडा हाताशी होता, पण ती चुनखडीच, पाणी आणखी जड करणार. बाथरूमची उरलेली ग्लेज टाइल उभी टेकवली. एंजलला उभा आडोसा आवडतो.

दिवस २. पाच लिटरचा पारदर्शक चौकोनी डबा मोठ्या टँकमध्ये आडवा ठेवला, आत ब्लडवर्म (माशांच्या खाण्याच्या लाल अळ्या). (आईने शेंगाचटणीची रिकामी बरणी काढून दिली होती. वास घेऊन परत दिली. तेलाचा तवंग आणि साबण, दोन्ही टँकला वर्ज्य.) बाळ्या जवळही फिरकला नाही, जोडीनेच आत जाऊन सगळं फस्त केलं. मित्र आला होता, म्हणाला, "माशाला शिकवणी लावलास काय बे?"

दिवस ३. युक्ती बदलली. आधी दुसऱ्या टोकाला जोडीसाठी भरपूर टाकलं, ते तिकडे गुंतले की इकडे डब्यात चिमूटभर. बाळ्याने तोंडाशी येऊन एक अळी उचलली आणि पळाला.

दिवस ४. पूर्ण आत गेला. हात शिवशिवत होते, पण उचलला नाही. खाऊन बाहेर येऊ दिला.

दिवस ५. बदली. सकाळपासून खायला दिलं नव्हतं. संध्याकाळी लाइट बंद केला, अर्ध्या तासाने खोलीतला मंद दिवा ठेवून डब्यात अळ्या सोडल्या. बाळ्या सरळ आत. डब्याचं तोंड हळू वर केलं, एवढं हळू की त्याने खाणंही थांबवलं नाही. पाण्यासकट उचलला. पाच किलोचा ऐवज, प्लॅस्टिक मधोमध वाकतं, खालून दुसरा हात पाहिजेच. मुलीने वरून टॉवेल टाकला. सोलापुरात टॉवेलला काय तोटा? अंधार झाला की मासा गप्प उभा राहतो.

छोट्या टँकमध्ये डबा बुडवून तिरका केला आणि थांबलो. दोन-तीन मिनिटांनी तो आपला आपण बाहेर पडला. कल्ल्यांची उघडझाप पंधरा सेकंदांत मोजून ठेवली होती: आधी २२, बदली झाल्यावर ३१, दोन तासांनी २४. रंग थोडा उतरला, काळे पट्टे फिके पडले, पण पर मिटले नाहीत. तसाच टॉवेल टँकवर टाकून झोपलो.

दिवस ६ आणि ७. पहिल्या दिवशी उपास. मीठ खडे, आयोडीन नसलेलं, तीस-तीस ग्रॅमचे तीन हप्ते बारा-बारा तासांनी, टँकच्याच पाण्यात विरघळवून. एक गोष्ट आमच्याकडच्या उन्हाळ्यात हमखास चुकते. पाणी उडून जातं, मीठ जात नाही. घटलेली पातळी साध्या पाण्याने भरायची. मीठ फक्त बदललेल्या पाण्यापुरतं टाकायचं.

दिवस ९. बाहेर ४२ अंश, टँकमध्ये ३२. दुपारी दोन तास वीज गेली. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच, त्यातून मोटर बंद. पॉवर बँकवर चालणारी छोटी एअर मोटर आहे म्हणून निभावलं. संध्याकाळी अमोनियाची टेस्ट ०.२५. आकडा छोटा वाटतो, पण पाणी जितकं गरम आणि अल्कलाइन, तितका तोच अमोनिया जास्त विषारी. लगेच आठ लिटर बदललं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल असं असतं आणि हौदातलं उलट गार. म्हणून दोन बादल्या रात्रीपासून त्याच खोलीत भरून ठेवतो. आमच्या गल्लीत नळ चार-पाच दिवसांनी येतो. त्या दिवशीच्या ताज्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो, तेव्हा अँटीक्लोरीन टाकल्याशिवाय थेंबही नाही.

दिवस १४. लालसरपणा गेला. फाटलेल्या कडेला नवी, काचेसारखी पारदर्शक पट्टी दिसते, दोन मिलिमीटर असेल. डबा रोज संध्याकाळी आत ठेवतो, परतीच्या प्रवासासाठी सवय राहावी म्हणून. आता अळ्या टाकायच्या आधीच येऊन बसतो.

परत सोडायच्या आदल्या दिवशी मोठ्या टँकमधली लाकडं आणि दगड हलवायचे ठरवले होते, म्हणजे जोडीची हद्द मोडली असती. पण काल जोडीने बंद हीटरच्या नळीवर अंडी घातली. आता तिथे बोटही घालू देत नाहीत. बाळ्याचा मुक्काम वाढला.

आणि आज सकाळी बेरक्याच्या शेपटीला चीर दिसली. बाळ्याचा डबा मोठ्या टँकला लावायचा नाही, म्हणून बाजारातून दुसरा आणला. दुकानदार म्हणाला, "मालक, परवाच तर नेलात की!" फिल्टरच्या पाइपशेजारी आडवा ठेवलाय. अजून तरी बेरक्या नुसता लांबून बघतोय.