डुक्कर फियाट गोव्यात: चालताना शहाणी, थांबली की रुसते

जुनी गाडी घेऊन गोव्याच्या रॅलीला निघालेल्यांना आधीच सांगते, घाटाला भिऊ नका, थांबण्याला भ्या. आमची १९५७ची फियाट ११००, आजोबांच्या वेळची डुक्कर फियाट, कोल्हापूरहून निपाणी, उत्तूर, आजरा करत आंबोली घाट उतरून आली आणि वाटेत एकदाही कुरकुरली नाही. नखरे सुरू झाले ते फेरीबोटीवर, मग फोंड्याच्या रस्त्यावर, आणि त्यानंतर संध्याकाळच्या मिरवणुकीत. चालवायला दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, आणि शेजारी कागद-पेन्सिल-घड्याळ घेऊन मी.

रॅली म्हटलं की लोकांना वाटतं, भन्नाट वेगानं पळवत असतील. गोव्यात कायमस्वरूपी रेसिंग ट्रॅक नाही. त्यासाठी कोइम्बतूर, चेन्नई नाहीतर ग्रेटर नोएडा गाठावं लागतं. इथे चालू रस्त्यावर वेळेची शर्यत असते. ठरलेली सरासरी राखून ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या सेकंदाला पोचायचं. उशिराला दंड आहेच, पण लवकर पोचण्याला सहसा त्याहून जास्त. ताशी ३० म्हणजे किलोमीटरला दोन मिनिटं आणि ताशी २४ म्हणजे अडीच. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण बोनेटखाली भट्टी पेटलेली असताना हे आकडे डोक्यात ठेवून बघा.

आंबोलीची उतरण सोपी आहे, फक्त ब्रेकवर भरवसा ठेवू नका. चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकची लाइन एकच, म्हणजे एका व्हील सिलिंडरनं ऑइल सोडलं की चारही गेले. दादा धबधब्याच्या वरूनच दुसऱ्या गिअरात आला आणि दाणोलीपर्यंत त्यातच राहिला. मागचे टेम्पोवाले हॉर्न मारत होते, त्यांना हात करून पुढे काढलं. खाली पोचल्यावर ब्रेक लायनरचा वास आला तर गाडी सावलीत लावा, चाकाला दगड द्या आणि चहा प्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायला कुणी धावून आलाच तर त्याला हाताला धरून थांबवा, ड्रम तडकतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि मग उतरणीवर तापून उकळतं, पेडल थेट तळाला जातं. निघण्याआधी ते नवीन भरलं तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

सावंतवाडीहून पत्रादेवी, म्हापसा, पर्वरी असा सरळ रस्ता आहे. जुन्या गाडीला तो देऊ नका. पर्वरीच्या कोंडीत नव्या गाड्याही घामाघूम होतात. आम्ही बांद्याहून दोडामार्ग, डिचोली, मये असं करत चोडणला आलो आणि तिथून रायबंदरची फेरी घेतली. रस्ता सुरेख, रहदारी तुरळक. आणि पहिला दणका इथेच बसला.

फेरीत गाडी चढवली की इंजिन बंद करायचं. नदी ओलांडायला लागतात जेमतेम काही मिनिटं, पण नेमकी तीच घातक. इंजिन चालू असताना पंखा फिरतो, रेडिएटरमधून पाणी फिरतं. बंद केलं की दोन्ही थांबतं आणि ब्लॉकची उष्णता वर येऊन आजूबाजूच्या सगळ्याला भाजते. बंद केल्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत बोनेटखालचं तापमान सगळ्यात वर जातं. एसी पंप, म्हणजे इंजिनावर चालणारा पेट्रोलचा पंप, ब्लॉकलाच बोल्टनं कसलेला, तो टाकीतलं पेट्रोल ओढतो, म्हणजे त्या पाइपात दाब कमी, आणि कमी दाबाला पेट्रोल लवकर उकळतं. पाइपात वाफ धरली की पंप नुसता वाफच हलवत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. रायबंदरच्या धक्क्याला फळी पडली, दादानं सेल्फ मारला, इंजिन चार ठोके देऊन गप्प. ओहोटी होती, समोर रॅम्पची चढण, मागे स्कूटरवाल्यांची फौज. फेरीवरचा एक काका शांतपणे म्हणाला, "मातशें राव, जातलें." म्हणजे, जरा थांब, होईल. चौघांनी मिळून गाडी वर ढकलली आणि झाडाखाली लावली.

यावर इलाज जुनाच आहे. पंपावर आणि पाइपावर गार पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळायचं, पाच-सात मिनिटं थांबायचं, फडकं पुन्हा भिजवायचं. डेल्को, म्हणजे प्लगना करंट वाटणारा डबा, आणि कॉइल यांवर मात्र थेंब पडू द्यायचा नाही. गाडी निमूट सुरू झाली. पुढच्यांनी एवढं करा: फेरीच्या धक्क्याला रांग असेल तर बोनेट आधीच उघडून ठेवा, बोटीवरही उघडंच राहू दे. ओहोटीला रॅम्प उभा होतो, भरतीची वेळ साधली तर बरं.

हा त्रास पूर्वीपेक्षा वाढलाय, त्याला पेट्रोलही कारण आहे. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलला स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या भोकावर, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. आमच्या मिस्त्रींनी मेन जेट एक नंबर मोठा घातला, त्यानं फरक पडला. जुना रबरी पाइप, पंपाचा डायाफ्राम, कार्बोरेटरमधली कॉर्क-रबराची पॅकिंग इथेनॉलनं फुगतात नाहीतर चिकट होतात. पाइप बदलताना दुकानदाराला "पेट्रोलचा द्या" एवढंच सांगू नका, त्यावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं बघून घ्या. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. गोव्याच्या दमट हवेत अर्धी टाकी खूप दिवस उभी ठेवणं म्हणजे तळाला पाणी साठवणं.

शनिवारी सकाळी पणजीत कांपालच्या नदीकाठच्या रस्त्यावर गाड्या लागल्या. दृश्य देखणंच होतं. पोर्तुगीज काळात परदेशी गाड्या गोव्यात सरळ उतरायच्या, त्यामुळे इथल्या घरांतून १९६१ आधीच्या जर्मन गाड्या अजून निघतात. आमच्या पुढे एका वयस्कर गोंयकार काकांची बीटल होती. मी त्यांना विचारलं, पोर्तुगीज तर उजवीकडून चालवतात, मग तुमच्याकडे कसं होतं? ते हसून म्हणाले, आमच्याकडे कायम डावीकडूनच. आणि ते खरंच आहे. पोर्तुगालनं १९२८ साली बाजू बदलली, गोव्यानं नाही. बीटलला रेडिएटरच नाही, त्यामुळे काका निवांत खुर्चीत आणि आम्ही तापमानाच्या काट्याकडे डोळे लावून. पाहुणे येईपर्यंत, भाषणं होईपर्यंत इंजिन चालू ठेवू नका. झेंडा हलायला पाच मिनिटं असताना सुरू करा. ऊन जानेवारीतही बोचतं.

पहिला टप्पा रायबंदरच्या बांधावरून जुन्या गोव्याकडे. पणजी ते रायबंदर हा बांध पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात, १६३०च्या दशकात घातला आणि त्यावरून आजही वाहतूक चालते. खाडीची गार हवा रेडिएटरवर येत होती, काटा खाली आला, मी सेकंदाचा हिशोब जुळवला. बाणस्तारीपर्यंत सगळं छान. म्हार्दोळच्या पुढे मात्र गाडी मिसिंग करायला लागली आणि फोंड्याच्या अलीकडे बंदच पडली.

दादानं सवयीनं फडक्याला हात घातला. मी मिस्त्रींना फोन लावला. त्यांचं उत्तर दरवेळी तेच असतं: "ताई, आधी करंट बघा, मग पेट्रोल. फडकं नंतर." हा क्रम कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, कारण गरम झाल्यावर बंद पडण्याची दोन्ही कारणं लांबून सारखीच दिसतात. कॉइलची मधली वायर डेल्कोतून काढून ब्लॉकपासून थोडी लांब धरायची, रबराच्या पकडीनं, आणि सेल्फ मारायचा. ठिणगी निळी आणि कडक असेल तर दोष पेट्रोलकडे. पिवळी, मरतुकडी असेल तर डेल्को उघडा. आमची पिवळी होती. कॅप काढली तर सीबी पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे टोक, जळून काळेनिळे पडलेले. म्हणजे पॉइंटना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर गेला. गार असताना चालतो, तापला की दगा देतो, त्यामुळेच भल्याभल्यांना तो पेट्रोलचा दोष वाटतो.

स्पेअर कंडेन्सर डिकीत होता. पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं साफ केले, गॅप फीलर गेजनं लावला आणि गाडी सुरू झाली. वेळेचा मात्र बट्ट्याबोळ. त्या टप्प्यावर दंड साचून गेला, म्हणून मी पुढच्या टप्प्याचं गणित नव्यानं मांडलं. मागचा उशीर भरून काढायला पळवलं की पुढच्या चौकीवर लवकर पोचल्याचा दंडही पदरात पडतो. कंडेन्सरबद्दल माझं मत ऐका: बाजारातला नवा कोरा कंडेन्सर डबीतल्या डबीत स्पेअर म्हणून ठेवू नका. तो आधी गाडीला लावून शे-दोनशे किलोमीटर चालवा, टिकला तर काढून डिकीत ठेवा. नव्यातले बरेचसे पहिल्याच उन्हात जातात.

पेट्रोलची तपासणी करायची वेळ आली तर कार्बोरेटरकडे येणारा पाइप सोडून बाटलीत धरायचा आणि सेल्फ मारायचा. त्याआधी कॉइलची वायर काढून ठेवायची. गरम इंजिनावर पेट्रोल सांडणं आणि ठिणगी एकत्र आली तर पुढचं सांगायला नको. पावडरचं छोटं अग्निशामक नळकांडं डिकीत नव्हे, सीटखाली हाताशी ठेवा.

संध्याकाळी पणजीत दिवे लावून मिरवणूक. माणसाच्या चालीनं गाडी, हेडलाइट चालू, लोक फोटोला अडवतायत. या काळच्या गाड्यांना डायनॅमो असतो, आणि इंजिन नुसतं गुरगुरत असताना तो जवळजवळ काहीच चार्ज देत नाही. डॅशवरचा लाल दिवा पेटलेलाच. तासाभरानं दिवे मंद झाले, सेल्फ नुसता टकटक करायला लागला. धक्का मारून मुक्कामी नेली आणि रात्रभर बॅटरी चार्जरला लावली. काही जण सरळ अल्टरनेटर बसवतात. मला ते पटत नाही, पण एलईडी बल्ब घालायला माझी हरकत नाही. तेही नको असेल तर थांबल्यावर हेडलाइट बंद करून पार्किंग लाइटवर या आणि एक्सिलेटर जरा धरून ठेवा. छोटा चार्जर बरोबर न्याच.

रविवारी सकाळी फोंताइन्हासच्या चिंचोळ्या गल्लीत हँड गिअरची, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरची, लिंक पहिल्या आणि रिव्हर्सच्या मधे अडकली. पद्मिनी चालवलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही: बोनेट उघडा, स्टिअरिंगच्या दांड्याखालची लिंक हातानं न्यूट्रलला आणा, ग्रीस लावा. पाच मिनिटांचं काम.

गोव्यात स्पेअरच्या भरवशावर जाऊ नका. म्हापसा, पणजी, मडगाव इथे चांगली दुकानं आणि गॅरेजं आहेत, पण दुपारी बरीच बंद असतात आणि रविवारी तर विचारूच नका. रॅली नेमकी शनिवार-रविवारी असते. म्हणजे जे लागेल ते शुक्रवारी दुपारच्या आत. आमच्याकडे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, फॅन बेल्ट, रेडिएटरचा वरचा-खालचा होज, पंपाचा डायाफ्राम, ब्रेक ऑइल, वायर आणि पाण्याचा मोठा कॅन होता. डायाफ्राम सोडून जवळजवळ सगळ्याला कधी ना कधी हात लागला.

गाडी किनाऱ्यावर वाळूत उतरवू नका. फोटो छान येतात, पण गोव्यात तो गुन्हा आहे आणि पोलीस कारवाई करतात. वाळूत न जाताही मिरामार-दोनापावलाचा खारा वारा टर्मिनलवर हिरवा थर आणतोच. परत आल्यावर खालून गोड्या पाण्यानं धुवा आणि टर्मिनल साफ करून व्हॅसलीन लावा.

कागदपत्रांचं एक. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्रानं वेगळी नोंदणी आणली, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. या नंबरावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच चालते. म्हणून आयोजकांचं पत्र बरोबर ठेवा, हद्दीवर कुणी विचारलं तर दाखवायला बरं.

आमचा नंबर आला मधेच कुठेतरी. काकांची बीटल पुढे होती, त्याचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. परतीला आंबोली पहाटे चढलो, गार हवेत, काटा अर्ध्यावरही गेला नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात मिस्त्रींनी पंप खोलला तर डायाफ्राम फुगून काठाला सुरकुतलेला निघाला. आता ते टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप बसवतायत, तीन पीएसआयच्या आतला, नाहीतर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. पेट्रोल मागून ढकललं की पाइपात वाफ धरत नाही. एसी पंपही तसाच जागेवर ठेवायचा, असं दादा म्हणतो. मिस्त्री म्हणतात, मग दोन्ही बिघडतील. ते भांडण अजून चालू आहे.