भांडणांशिवाय असतं काय तिथे?

"भांडणांशिवाय असतं काय तिथे?" माझ्या फोनमधल्या ट्विटरमध्ये (आताचं एक्स) डोकावत मैत्रीण म्हणाली. नेमकं तेव्हाच एक्सेलच्या अडलेल्या फॉर्म्युल्यावर कुणा अनोळखी माणसाने दोन ओळींत उत्तर दिलं होतं.

दोनच ओळींत! २००६ साली ट्विटर आलं तेव्हा लिहिणाऱ्याचं नाव आणि ट्वीट मिळून एसएमएसच्या १६० अक्षरांत बसावं म्हणून ट्वीटला १४० अक्षरांची मर्यादा पडली. २०१७ मध्ये ती २८० झाली. जागा कमी, त्यामुळे प्रश्नही नेमका विचारावा लागतो. (नुसतं 'एरर येतोय, मदत करा' लिहिलं तर कुत्रं विचारत नाही.)

मुख्य फीड मी जवळजवळ बघतच नाही. कामाच्या माणसांची वेगळी लिस्ट केलीये, तेवढीच उघडते. अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये हँडल (@ लावून लिहितात ते नाव) आणि तारीख टाकली की जुनं ट्वीटही सापडतं.

तुमच्यापैकी किती जण लिस्ट वापरतात?